गर्भधारणेचे शास्त्र आणि एका संशोधकाची कथा

(आरोग्य व समाज या विषयावरील व्याख्यानमालेत खात्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर वाचकांसाठी देत आहोत. – संपादक)



प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी वैद्य नव्हे. कला शाखेचा पदवीधर असून शासनाची माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे नित्याचे काम आहे. तेव्हा शरीरशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा माझा दावा नाही. परंतु मानवी गर्भधारणा आणि तिला शास्त्राने दिलेले साहाय्य या विषयाचा एक भाग प्रयोगशाळेच्या भिंतींत मावत नाही. तो घराच्या माजघरात, वर्तमानपत्राच्या पानांवर आणि सरकारी कचेरीच्या फायलींत पसरलेला आहे. त्या भागाविषयी बोलण्यास माझ्यासारख्या माणसाला हरकत नसावी. आपल्याच देशात घडलेली एक कथा मी आपणांसमोर मांडणार आहे. मात्र ती नीट उमजण्यासाठी आधी निसर्गाचा क्रम थोडक्यात पाहिला पाहिजे.

निसर्गाचा क्रम

मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या दोन्ही बीजकोशांत मिळून दहा लाखांहून अधिक अपक्व स्त्रीबीजे असतात. वयात येईपर्यंत त्यांतील बहुसंख्य नाहीशी होतात, आणि साऱ्या आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात ती जेमतेम चारशे. पक्व स्त्रीबीजाचा व्यास सुमारे एक दशांश मिलिमीटर असतो. मानवी शरीरातील ही सर्वांत मोठी पेशी, तरीही नुसत्या डोळ्यांना ती ठिपक्यासारखी कशीबशी दिसावी एवढीच! ती असते हे कार्ल फॉन बेअर या शास्त्रज्ञाने सस्तन प्राण्यांत प्रथम दाखवून दिले ते १८२७ साली. त्यापूर्वीच्या विद्वानांना गर्भाचा आरंभ नेमका कशापासून होतो हे तर्कानेच ठरवावे लागत होते.

दर महिन्याला साधारणतः एक बीज पक्व होते आणि बीजकोशातून निसटून बीजवाहिनीत शिरते. त्याचे आयुष्य जास्तीत जास्त एका दिवसाचे. कोट्यवधी शुक्रजंतूंपैकी काही शेकडाच त्याच्याजवळ पोहोचतात आणि एकालाच आत प्रवेश मिळतो. तो मिळताच बीजाचे कवच इतरांना बंद होते. आईकडील तेवीस आणि वडिलांकडील तेवीस अशी सेहेचाळीस गुणसूत्रे एकत्र येतात. मूल मुलगा होणार की मुलगी, हे शुक्रजंतूने आणलेल्या गुणसूत्रावर ठरते. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासरच्या मंडळींनी एवढे एकच वाक्य ध्यानात ठेवले तरी आजच्या व्याख्यानाचे सार्थक झाले, असे मी समजेन.

फलित झालेले बीज दुसऱ्या दिवशी चार पेशींचे आणि तिसऱ्या दिवशी आठ पेशींचे होते. पाचव्या दिवशी त्याचा पोकळ गोळा बनतो आणि सहाव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. तिसरा आठवडा संपून चौथा लागतो न लागतो तोच चिमुकल्या हृदयाचे स्पंदन सुरू होते. आठ आठवड्यांअखेर सारे प्रमुख अवयव मूळ रूपाने घडलेले असतात, आणि त्या वेळी गर्भाची लांबी सुमारे तीन सेंटिमीटर भरते. पुढील महिने वाढीचे आणि परिपक्वतेचे.

या क्रमात कोठेही खंड पडू शकतो. बीज पक्व होत नाही. क्षयासारख्या रोगाने वा जंतुसंसर्गाने बीजवाहिन्या बंद होतात. शुक्रजंतूंची संख्या अल्प असते किंवा त्यांची हालचाल मंद असते. अपत्यहीन जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील दोष एकटा तरी असतो किंवा स्त्रीकडील दोषाच्या जोडीने असतो. आपल्या भाषेत मात्र ‘वांझ’ हा शब्द स्त्रीच्याच वाट्यास आला! मूलबाळ नसलेल्या सुनेला डोहाळजेवणाला बोलवायचे नाही, ओटी भरताना तिला मागे ठेवायचे, नवससायास तिनेच करायचे. आणि नवऱ्याची तपासणी करावी असे मात्र कोणाच्या मनातही यायचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात सुमारे सहा माणसांमागे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाचा अनुभव येतो. इतके सार्वत्रिक दुःख आपण इतक्या गुप्ततेने का वाहतो, हा प्रश्न मनात ठेवून पुढील कथा ऐकावी, अशी माझी विनंती आहे.

ओल्डहॅम येथील जन्म

बीजवाहिन्याच बंद असतील, तर बीज बाहेर काढून त्याचे फलन शरीराबाहेर करावे आणि गर्भ गर्भाशयात ठेवावा, ही कल्पना ऐकावयास सोपी वाटते. आपल्याकडे ती ऐकताच कोणीतरी गांधारीचे दाखले देतो. महाभारतात व्यासांनी मांसपिंडाचे भाग करून तुपाने भरलेल्या कुंभांत ठेविले आणि त्यांतून कौरव जन्मले, अशी कथा आहे खरी. कवीच्या कल्पनेचा मी आदर करतो. परंतु कल्पना सुचणे आणि कृती साधणे यांत जे अंतर असते, ते भरून काढण्यास शास्त्राला फार मोठी तपश्चर्या करावी लागली. शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात काही काळ राहिल्यावाचून त्यास फलनाची क्षमताच येत नाही, ही एवढी एक गोष्ट कळावयास १९५१ साल उजाडले. सशाच्या बाबतीत शरीराबाहेरील फलनातून जिवंत पिल्ले जन्मल्याचे निःसंशय सिद्ध झाले ते १९५९ साली.

मानवाच्या बाबतीत हे कार्य इंग्लंडात रॉबर्ट एडवर्ड्स हे शास्त्रज्ञ, पॅट्रिक स्टेप्टो हे शल्यविशारद आणि जीन पर्डी या परिचारिका व प्रयोगशाळा-साहाय्यिका या तिघांनी केले. १९६९ साली त्यांनी मानवी बीजाचे काचपात्रातील फलन जाहीर केले. १९७१ साली तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांना अर्थसाहाय्य नाकारले. त्यानंतर कितीतरी प्रयत्न निष्फळ झाले. अखेर २५ जुलै १९७८ रोजी ओल्डहॅम येथील रुग्णालयात लुईझ ब्राऊन ही मुलगी जन्मली. तिच्या आईच्या बीजवाहिन्या बंद होत्या. एडवर्ड्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले २०१० साली. तोपर्यंत स्टेप्टो आणि पर्डी हे दोघेही हयात नव्हते. लुईझ मोठी झाली, तिचा विवाह झाला आणि २००६ साली तिला नैसर्गिक गर्भधारणेतून मूलही झाले.

कलकत्त्यातील दुर्गा

आता आपल्या देशाकडे वळू. लुईझच्या जन्मानंतर अवघ्या दहा आठवड्यांनी, म्हणजे ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, त्या वेळच्या कलकत्त्यात एक मुलगी जन्मली. दुर्गापूजेचे दिवस जवळ असल्याने जगाला ती ‘दुर्गा’ या नावाने ज्ञात झाली. तिच्या जन्मामागे होते डॉ. सुभाष मुखोपाध्याय. यांचा जन्म १९३१ साली हजारीबागेस झाला. कलकत्त्यात वैद्यकाचे शिक्षण, तेथील विद्यापीठाची डॉक्टरेट, पुढे १९६७ साली एडिंबरोची दुसरी डॉक्टरेट, आणि मग राज्याच्या वैद्यकीय सेवेत प्राध्यापकपद, असा त्यांचा क्रम होता. शीतविज्ञानाचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य हे त्यांचे सहकारी.

या तिघांची पद्धत इंग्लंडातील पद्धतीहून वेगळी होती, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. ओल्डहॅमला निसर्गक्रमाने पक्व झालेले एकच बीज पोटात दुर्बीण घालून मिळविण्यात आले. मुखोपाध्याय यांनी संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक बीजे पक्व करविली आणि ती योनिमार्गाने काढून घेतली. परंतु अशा औषधांच्या महिन्यात गर्भाशयाचे अस्तर गर्भ रुजण्यास अनुकूल राहत नाही, हे जाणून त्यांनी तयार झालेला गर्भ अतिशीत अवस्थेत जतन केला आणि त्रेपन्न दिवसांनंतर, पुढील एका ऋतुचक्रात, तो गर्भाशयात ठेवला. आज जगभर हीच रीत रूढ आहे. औषधांनी अनेक बीजे पक्व करणे, ती योनिमार्गाने काढणे, गर्भ गोठविणे आणि सोयीच्या महिन्यात तो ठेवणे, या चारही गोष्टी आता कोणत्याही केंद्रात नित्याच्या झाल्या आहेत. गोठविलेल्या गर्भापासून जन्मलेले पहिले मूल म्हणून जगाने प्रथम मान्यता दिली ती १९८४ साली ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या मुलीला. दुर्गा त्या वेळी सहाव्या वर्षात होती.

मुखोपाध्याय यांनी आपल्या कार्याचा लेखी अहवाल ऑक्टोबर १९७८ मध्येच राज्याच्या आरोग्य सेवा संचालकांना सादर केला होता. शीतविज्ञानाच्या भारतीय नियतकालिकात एक छोटे टिपणही प्रसिद्ध झाले. परंतु वृत्तपत्रांतून वार्तेचा गाजावाजा आधी झाला आणि सविस्तर शास्त्रीय निबंध मागे राहिला. नोव्हेंबरमध्ये राज्य शासनाने चौकशीसाठी समिती नेमली. मानवी बीजाच्या शरीराबाहेरील फलनाचे काम स्वतः केलेला तज्ज्ञ तीत नव्हता. असे तज्ज्ञ त्या काळी साऱ्या जगातच बोटांवर मोजण्याइतके होते. समितीने दावा अविश्वसनीय ठरविला.

आणि जो सर्वांत मोठा पुरावा, म्हणजे ती मुलगी आणि तिचे आईवडील, तो पुढे येऊ शकला नाही. लोकलज्जेस्तव आपले नाव गुप्त राहावे, अशी त्या कुटुंबाची इच्छा होती. मूल नळीत जन्मले असे कळले तर नातलग काय म्हणतील, पुढे मुलीच्या लग्नाचे काय होईल, ही भीती. ती आपणांपैकी कोणालाही परकी वाटणार नाही. डॉक्टरांनी रुग्णाला दिलेला शब्द पाळला. स्वतःच्या बचावासाठी त्यांनी ते नाव उघड केले नाही.

१९७९ साली जपानमध्ये आपले कार्य मांडण्याचे निमंत्रण त्यांना आले. जाण्याची परवानगी मिळाली नाही. जून १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्रविज्ञानाच्या संस्थेत करण्यात आली. प्रजननसंस्थेच्या संप्रेरकांवर आयुष्य घालविलेल्या माणसाला डोळ्यांच्या विभागात! १९ जून १९८१ रोजी, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी स्वतःच्या हाताने आपली जीवनयात्रा संपविली. तपन सिन्हा यांचा ‘एक डॉक्टर की मौत’ हा १९९० सालचा चित्रपट त्यांच्याच जीवनावरून सुचलेला आहे.

परळ येथील यश आणि एक थोर कृत्य

पुढचा अध्याय मुंबईचा. परळ येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजनन संशोधन संस्था आणि महानगरपालिकेचे केईएम रुग्णालय ही दोन्ही जवळजवळ आहेत. संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार आणि रुग्णालयातील डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या संयुक्त प्रयत्नाने ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा या मुलीचा जन्म झाला. प्रत्येक टप्प्याची नोंद काटेकोरपणे ठेवून ती शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध करण्यात आली. साहजिकच भारतातील पहिले ‘टेस्ट ट्यूब बेबी’ म्हणून हर्षाचे नाव सर्वतोमुखी झाले आणि पहिलेपणाचा मान आनंद कुमार व हिंदुजा यांच्याकडे आला.

अकरा वर्षांनी, १९९७ साली, आनंद कुमार एका परिषदेनिमित्त कलकत्त्यास गेले. तेथे मुखोपाध्याय यांची हस्तलिखित टिपणे आणि कागदपत्रे त्यांच्या हाती आली. ती वाचून त्यांची खात्री पटली की हे काम खरे होते. आता या ठिकाणी क्षणभर थांबावे. पहिलेपणाचा मान ज्याच्या पदरात पडला आहे, त्याच्याच हातात तो मान दुसऱ्याचा असल्याचा पुरावा येतो. दावेदार दिवंगत झालेला. विचारणारे कोणी नाही. कागद पुन्हा कपाटात ठेवले असते तरी कोणाला कळले नसते! आनंद कुमार यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून भारताच्या पहिल्या नलिका-बालकाचे शिल्पकार डॉ. सुभाष मुखोपाध्याय हेच होत, असे जाहीर केले. पुढे वैद्यकीय संशोधन परिषदेनेही या कार्याची दखल घेतली. दुर्गा २००३ साली, आपल्या पंचविसाव्या वर्षी, स्वतः लोकांसमोर आली.

माझ्या मते या साऱ्या कथेत विज्ञानाचा सर्वांत मोठा विजय १९७८ सालचाही नव्हे आणि १९८६ सालचाही नव्हे. तो १९९७ सालचा आहे.

आपण काय घ्यावे

कचेरीत काम करणाऱ्या आम्हा लोकांना यातून घेण्यासारखा बोध हा की, न समजलेल्या गोष्टीवर निकाल देण्याची घाई करू नये. समितीने संशय घेतला, हा तिचा दोष मी मानीत नाही. संशय हा शास्त्राचा धर्मच आहे. परंतु संशयिताला आपले म्हणणे जाणकारांपुढे मांडण्याची संधी द्यावयास हवी होती. जपानचा प्रवास म्हणजे नेमकी तीच संधी होती. एका परवानगीच्या कागदावर किती काही अवलंबून असते, हे त्यावर सही करणाऱ्याने विसरू नये. आणि नोंद ठेवावी, जपून ठेवावी. पंधरा-सोळा वर्षांनी मुखोपाध्याय यांना न्याय मिळवून दिला तो त्यांच्या टिपणांनी.

प्रसिद्धीच्या व्यवसायातील आम्हा मंडळींनीही आपले माप पदरात घ्यावे. शास्त्रीय वार्ता मथळ्यापुरती घाईने छापली की तिच्यामागील कष्ट दिसेनासे होतात आणि कर्त्याभोवती संशयाचे धुके जमते. आजही ‘हमखास संतती’ अशा आशयाच्या जाहिराती आपण पाहतो. हमखास असे या शास्त्रात काहीही नाही. तरुण वयातही एका प्रयत्नात यश येईलच असे सांगता येत नाही, आणि चाळिशीनंतर स्वतःच्या स्त्रीबीजाने यश येण्याचे प्रमाण फारच घटते. उपचार खर्चाचे असतात, शरीराला आणि मनाला शिणविणारे असतात. १९९२ सालापासून एकच शुक्रजंतू सुईने बीजात सोडण्याची पद्धत उपलब्ध झाल्याने पुरुषांमधील दोषावरही इलाज निघाला. परंतु त्यासाठी पुरुषाने तपासणीस तयार झाले पाहिजे, हे उघड आहे.

कायदाही आता पाठीशी आहे. साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाचे नियमन करणारा केंद्रीय कायदा २०२१ साली संमत होऊन जानेवारी २०२२ पासून अंमलात आला. त्यानुसार असे उपचार करणारे प्रत्येक केंद्र नोंदणीकृत असले पाहिजे. उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय एकवीस ते पन्नास आणि पुरुषाचे एकवीस ते पंचावन्न असावे लागते. मुलगाच हवा म्हणून गर्भाची निवड करणे हा गुन्हा आहे. अशा उपचारांतून जन्मलेले मूल कायद्याने त्या जोडप्याचेच अपत्य मानले जाते आणि औरस मुलाचे सारे हक्क त्यास मिळतात. उपचारास जाण्यापूर्वी केंद्राचे नोंदणीपत्र पाहावयास मागावे. ते दाखविणे हे केंद्राचे कर्तव्य आहे. आपल्या गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ साली या उपचारांची सोय सुरू झाली, ही सामान्य कुटुंबांच्या दृष्टीने मोलाची गोष्ट होय.

शेवटचे आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे सांगणे माजघराला उद्देशून आहे. मुखोपाध्याय यांच्या शोकान्तिकेचे खापर आपण समितीवर आणि कचेरीवर फोडतो, आणि ते काही अंशी योग्यही आहे. परंतु ज्या लोकलज्जेने त्यांचा एकमेव साक्षीदार पडद्याआड राहिला, ती लज्जा कोणी निर्माण केली? ती तुम्ही-आम्ही केली. ‘अजून पाळणा हलला नाही का?’ असे हळदीकुंकवात विचारणारी प्रत्येक जीभ, आणि औषधोपचार झाला हे लपविणारे प्रत्येक घर, तिला खतपाणी घालीत असते. शरीराबाहेरील फलनातून जन्मलेल्यांची संख्या आज जगात एक कोटीच्या वर गेली आहे. ती मुले शाळेत जातात, खोड्या करतात, नोकऱ्या करतात, संसार थाटतात. त्यांत लाजण्यासारखे काय आहे? आणि ज्यांना उपचार करूनही मूल होत नाही, किंवा जे दत्तक घेतात, किंवा जे मूल नकोच म्हणतात, त्यांचेही संसार तितकेच मानाचे आहेत, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

येत्या हळदीकुंकवाला आपल्या आळीतील मूल नसलेल्या सुनेला आवर्जून बोलवा आणि तिची ओटी इतरांच्या बरोबरीने भरा. त्यासाठी शासनाचा आदेश लागत नाही, अनुदान लागत नाही आणि समितीही नेमावी लागत नाही.